दार वाजतंय? आधी ऐका, मग तेल घाला!

रात्री दोन वाजता हॉस्टेलच्या खोलीचं दार कर्रर्र वाजलं की अख्ख्या मजल्याला कळतं, कुणाचं सबमिशन आत्ता संपलं ते! गाडीचं दारही असंच चुगली करतं. फक्त ती चुगली मनावर घ्यायची असते.

भिवंडीचं वळ गाव बघा. सगळीकडे गोदामं, दिवसरात्र ट्रक-टेम्पोंची ये-जा, उन्हाळ्यात धूळ आणि पावसात खड्डे. माल पोचवणाऱ्या ईकोसारख्या व्हॅनचं दार तिथे दिवसातून कित्येकदा उघडतं. दारासाठी याहून कठीण परीक्षा नाही!

आता आवाज ओळखूया.

उघडताना कुरकुर : बिजागरीतलं ग्रीस सुकलंय. धातू धातूला चिकटतो, सुटतो, पुन्हा चिकटतो. फर्स्ट इयरला शिकलेलं स्टॅटिक आणि कायनेटिक फ्रिक्शन ते हेच. पातळ स्प्रे मारला तर आवाज लगेच थांबतो, पण थोड्याच दिवसांत परत येतो. म्हणून स्प्रेने फक्त घाण काढा, पुसा आणि मग लिथियम ग्रीस लावा.

चालत्या गाडीत चुरचुर : रबराचं बीडिंग कोरडं पडलंय. इथे साधं ग्रीस किंवा इंजिन ऑइल अजिबात नको, त्याने रबर फुगतं. कापडावर सिलिकॉन घेऊन पुसा.

सरकत्या दाराची खरखर : रुळात धूळ बसलीय. त्याच धुळीवर ग्रीस थापलं तर पॉलिश पेपरसारखी पेस्ट तयार होते आणि रोलर झिजतो. आधी ब्रशने रूळ साफ करा.

दारात पाण्याची खळखळ : दाराच्या तळाची पाणी जायची भोकं तुंबलीत. ती मोकळी करा, नाहीतर पत्रा आतून गंजेल.

खड्ड्यात खडखड : हा आवाज सगळ्यात महत्त्वाचा. दार उघडून टोकाला धरा आणि हळूच वर उचला. हललं तर बिजागरीची पिन किंवा बुश झिजलाय. मग दार खाली येतं आणि लॉक खांबावरच्या कडीत नीट बसत नाही. लॉक दोन टप्प्यांत अडकतं. पहिल्याच टप्प्यावर राहिलं तर दार बंद दिसतं, पण पूर्ण बंद नसतं. अशा दाराला टेकून कुणी झोपलं असेल तर? विचार करा!

बीडिंग तपासायची युक्तीही सोपी आहे. दारात कागद धरून दार लावा आणि कागद ओढा. सहज निघाला तर तिथे पकड सैल आहे. कडी सरकवून हे ठीक होऊ शकतं, पण आधी तिच्या मूळ जागेवर मार्करने खूण करा. बुश बदलायचं काम मात्र मेकॅनिकलाच द्या.

थोडक्यात काय, कुरकुर आणि खळखळ रविवारी घरी निस्तरा. खडखड असेल तर रविवारची वाट बघू नका!