आधी अंदाज, मग प्रयोग

पाथर्डी तालुका पर्जन्यछायेत येतो. कोरडवाहू शेती, पाण्याची ओढ आणि ऊसतोडीसाठी गाव सोडणारी कुटुंबं इथल्या मुलांच्या रोजच्या पाहण्यात असतात. या मुलांना माती पाणी कसं धरते हे शिकवायचं, तर व्याख्या फळ्यावर नंतर लिहिली तरी चालते. तीन रिकाम्या बाटल्या कापून वरचे भाग उलटे बसवायचे, तोंडाला फडकं बांधायचं. एकीत काळी माती, दुसरीत मुरूम, तिसरीत वाळू, सगळं सारख्या मापाने. पाणी ओतण्याआधी प्रत्येकाने आपला अंदाज वहीत लिहायचा.

अंदाज चुकला की वर्गात वाद सुरू होतो. माती आधीच ओली होती का? कुणी दाबून भरली का? बाकी सगळं सारखं ठेवून एकच गोष्ट बदलायची, ही शास्त्रीय शिस्त मुलं या वादातूनच शिकतात.

बालभारतीच्या पुस्तकांत ‘करून पहा’ असतंच. मात्र उत्तर माहीत असूनही गप्प राहणं शिक्षकाला अवघड जातं, आणि ते सरावानेच येतं. मध्य प्रदेशातल्या ‘होशंगाबाद विज्ञान’ कार्यक्रमाने हे ओळखलं होतं. 1972 साली 16 शाळांत सुरू झालेल्या या उपक्रमात प्रशिक्षणाला आलेले शिक्षक आधी स्वतः गटात बसून प्रयोग करत, चुकत, भांडत. मुलांच्या परीक्षेत पुस्तक उघडायला मुभा होती आणि प्रयोगही करावे लागत. 2002 साली सरकारने कार्यक्रम बंद केला, पण तोवर त्याने अनेकांना घडवलं होतं.

त्यांपैकी एक अरविंद गुप्ता. पुण्यातल्या टेल्कोमधले हे अभियंते 1978 मध्ये वर्षभराची रजा घेऊन तिथे गेले. आगपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब जोडून त्यांनी आकृत्या बनवल्या. चौकोन दाबला की कलंडतो, त्रिकोण मात्र आकार सोडत नाही, हे मुलांना बोटांनीच कळतं. पुढे पुण्याच्या आयुकातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी टाकाऊ वस्तूंपासून शेकडो खेळणी केली. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

पाथर्डीच्या शाळेत तर नुसती काठी आणि ऊनही पुरेल. मैदानात काठी सरळ रोवून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करायची. सर्वांत आखूड सावली बाराला पडेल, असं बहुतेक मुलं सांगतील. प्रत्यक्षात ती साडेबाराच्या सुमारास पडते. भारतीय प्रमाणवेळ 82.5 अंश रेखांशावरची, पाथर्डी त्याच्या सुमारे 7 अंश पश्चिमेला, आणि सूर्याला एक अंश सरकायला चार मिनिटं लागतात. हा हिशेब मुलांना स्वतः मांडू द्यावा. नोव्हेंबरच्या सुरुवातीला आणि फेब्रुवारीच्या मध्यावर पुन्हा नोंद घेतली, तर दोन वेळांत जवळजवळ अर्ध्या तासाचं अंतर दिसेल. पृथ्वीची लंबवर्तुळाकार कक्षा आणि तिचा कललेला आस शिकवायला नववीच्या वर्गात तिथूनच सुरुवात करता येते.