अकरा वाजून दहा मिनिटं

अमेरिकेतल्या एडिसनमधल्या ओक ट्री रोडजवळचा दवाखाना. खोली एवढीशी आणि माणसं पाच. काकू मधल्या खुर्चीत, पंजाबी ड्रेसवर मुलाचं जुनं जॅकेट, पायात पांढरे स्पोर्ट्स शूज. शेजारी मुलगा, भिंतीला टेकून सून, समोर नर्स आणि कोपऱ्यात मी, त्यांची शेजारीण. सहावी बाई टॅबलेटच्या पडद्यावर, दुभाषी.

‘काकू, तीन शब्द लक्षात ठेवायचे हं. केळं, सूर्योदय, खुर्ची.’

काकू तिन्ही शब्द ठणठणीत म्हणून दाखवतात. मग नर्स कागदावरचं रिकामं वर्तुळ पुढे सरकवते : घड्याळ काढा. आकडे नीट पडतात, बारा वर, सहा खाली. आता काटे, अकरा वाजून दहा मिनिटांचे. ही वेळ मुद्दाम निवडलेली असते. दहा मिनिटं म्हणजे काटा दोनवर, एवढं डोक्यात फिरवावं लागतं. ते जमलं नाही की हात समोर दिसणाऱ्या दहाकडे जातो. काकूंचा जातो. एक काटा अकरावर, दुसरा दहावर.

‘आई, दोनवर. अगं, दोनवर!’

नर्स तळहात वर करते. नातेवाइकाला दुभाषी करू नये हा इथला नियम उगाच नाही. मुलगा गप्प होतो, पण ओठ हलतच राहतात. दहावीच्या परीक्षेला खिडकीखाली उभे राहणारे पालक मला आठवतात.

तीन शब्दांपैकी काकूंना खुर्ची तेवढी सापडते. पाचपैकी एक गुण. तीनच्या आत आलं की पुढच्या तपासण्या.

‘मी बँकेत होते,’ काकू दुभाषीला बजावतात. ‘तोंडी बेरजा करायचे.’

डॉक्टर येतात. एवढ्यावरून ते डिमेन्शियाचा शिक्का मारत नाहीत, हे मला आवडतं. बी-१२, थायरॉइड, कान तपासायला सांगतात. काका गेल्यापासून जेवण जातं का, कशात मन लागतं का, हेही विचारतात. म्हातारपणातलं नैराश्य पुष्कळदा विसराळूपणाच्या रूपानं येतं. मग औषधांची पिशवी टेबलावर उलटी करतात. त्यात झोपेसाठी आणलेली, चिठ्ठीशिवाय मिळणारी डायफेनहायड्रामीनची बाटली. ‘ही आजपासून बंद.’ उतारवयात या गोळीनं गोंधळ वाढतो, आणि घरोघरी ती साधी म्हणून उशाशी असते.

मुलगा ज्येष्ठांच्या डे केअरचं विचारतो. त्याचा खर्च मूळ मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा, देत नाही. मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी विमा, असेल तर काही सोय होते. मात्र जुलै २०२४पासून मेडिकेअरचा ‘गाइड’ नावाचा उपक्रम आहे. डिमेन्शियाचं निदान झालं आणि दवाखाना त्यात सहभागी असला, तर सगळं जुळवून देणारा माणूस मिळतो. आजार पुढे गेला असेल, तर काळजी घेणाऱ्याला उसंत मिळावी म्हणून वर्षाला २,५०० डॉलरपर्यंतची सेवाही. डॉक्टर अल्झायमर्स असोसिएशनचा नंबर लिहून देतात : ८००-२७२-३९००, चोवीस तास, दुभाषी मागता येतो.

मुलगा कागद घडी करून खिशात घालतो. सून पहिल्यांदाच बोलते. ‘शेगडी चालू राहते.’

‘कधीतरी,’ मुलगा म्हणतो.

‘रोज.’

डॉक्टर खुर्ची तिच्याकडे वळवतात. ‘आणि तुम्हाला झोप किती मिळते?’

‘ती झोपते हो व्यवस्थित,’ मुलगा सांगतो.