इस्लापूरचे रान आणि आपला संसार

बाळंतिणीस डिंकाचे लाडू द्यावेत, हे आपल्याकडील गृहिणींस कोणी शिकवावे लागत नाही. मुंजीत बटूच्या हाती पळसाचा दंड द्यावा, श्रीखंडावर चारोळी पेरावी, खोकला झाला की बेहड्याची साल तोंडात धरावी, या गोष्टी आपण पिढ्यान्‌पिढ्या करीत आलो आहोत. अशा रीतीने अरण्य आपल्या माजघरापर्यंत येऊन पोहोचले आहे. आपण मात्र अरण्यापर्यंत क्वचितच जातो. शहरात वाढणाऱ्या मुलांस तर डिंक हा वाण्याच्या पुडीतच उत्पन्न होतो असे वाटावयाचे! म्हणून यंदा हिवाळ्याच्या सुटीत कोठे जावे असा विचार घरात निघाला, तेव्हा थंड हवेची ठिकाणे बाजूस सारून आम्ही इस्लापूरचे रान पाहावयाचे ठरविले. आजीपासून सहा वर्षांच्या धाकटीपर्यंत आम्ही सारी मिळून अकरा माणसे होतो.

इस्लापूर हे नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यातील गाव. पुष्कळांचा इसापूरशी घोटाळा होतो. परंतु ते इसापूर पैनगंगेवरील मोठ्या धरणाचे, आणि ते नदीच्या वरच्या अंगास राहिले. मुदखेडहून आदिलाबादेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर हिमायतनगर मागे पडले की सहस्रकुंड नावाचे स्थानक लागते, आणि तेथून सागाच्या रानाचा मुलूख सुरू होतो. १९५६ सालापर्यंत इस्लापूरचे मंडळ हैदराबाद राज्यातील आदिलाबाद जिल्ह्याच्या बोथ तालुक्यात मोडत असे. त्या वर्षीच्या राज्यपुनर्रचनेत ते किनवट तालुक्याबरोबर मुंबई राज्यात आले, व १९६० साली अर्थातच महाराष्ट्रात. त्यामुळे येथील बाजारात मराठी, गोंडी, तेलुगू आणि बंजारा मंडळींची गोरमाटी अशा भाषा एकाच वेळी कानी पडतात.

ज्या वाचकांनी आंबोली अथवा महाबळेश्वर पाहिले असेल, त्यांनी तेथील ओलसर, सदाहरित रानाची कल्पना येथे आणू नये. उष्ण कटिबंधातील अरण्य म्हटले की बारमाही गर्द हिरवाई आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. परंतु आपल्या देशातील अशा अरण्यांचा फार मोठा भाग पानझडीचा आहे. पाऊस चार महिने पडतो आणि आठ महिने पाठ फिरवितो. पानांवाटे पाणी उडून जाते; ते वाचविण्याकरिता साग, ऐन, सालई, मोह हे वृक्ष कोरड्या दिवसांत आपला पर्णसंभार उतरवून ठेवतात. उघडे पडलेले हे रान मेलेले नसते; ते काटकसरीने राहत असते. मिळकत थोडी असता खर्च आवरावा, हा शहाणपणा आपल्या आजींस निराळा समजावून द्यावा लागला नाही.

आमच्यासोबत वाट दाखविण्यास एक वयस्क गोंड गृहस्थ आले होते. आजी त्यांस 'बाबा' म्हणत, आणि ते आजींस 'आई' म्हणत. एका राखट, गुळगुळीत सालीच्या झाडापाशी ते थांबले. थंडीने त्याची पाने तांबूस झाली होती. "आई, हा धावडा. तुमच्या लाडवाचा डिंक ह्याचाच," ते म्हणाले. पुढे चाराचे झाड आले, त्यापुढे बिबा. चार, बिबा आणि आपला आंबा हे तिन्ही वृक्ष वनस्पतिशास्त्रज्ञांच्या मते एकाच कुळातले. एकाचे फळ आपण चोखून खातो, दुसऱ्याचा दाणा पक्वान्नात घालतो, आणि तिसऱ्याचे तेल अंगास लागले तर उतते. एका कुळात तीन तऱ्हेचे स्वभाव निघाल्याचे ऐकून मंडळींत जो हशा पिकला, त्याचे कारण एकत्र कुटुंबातील वाचकांस सांगावयास नको.

काकूंनी सहज विचारले, "बाबा, डिंक अलीकडे इतका महाग का हो झाला?" त्यांचे उत्तर आम्हां सर्वांच्या मनात रुतून बसले. "झाडाला बेताचा घाव घातला, तर ते दरसाल देते. भाव चढला की घाव खोल जातो. एक साल भरपूर मिळते, मग झाड वाळते. चाराचेही तेच. फळ पिकेपर्यंत थांबावे, तर तोवर दुसरा फांदी तोडून नेतो." यावर काकू काही बोलल्या नाहीत. भाव चढतो तो मागणीने, आणि मागणी करणारी घरे आपली. धावड्यास घाव घालणाऱ्या हाताला दोष देणे सोपे आहे. परंतु त्या कुऱ्हाडीचा दांडा आपल्या स्वयंपाकघरापर्यंत लांब आहे, हे विसरून कसे चालेल?

वन्य पशूंविषयी मुलांस मोठी आशा होती. रोही दुरून दिसले, वानरांची टोळी भेटली, मोरांचे ओरडणे दोन्ही सांजा ऐकू आले. अस्वल दिसले नाही, पण वारुळ उकरून त्याने वाळवीचा फराळ केल्याची खूण दिसली, आणि मोहाच्या बुंध्यावर नखांचे ओरखडेही. चैत्रात पहाटे मोहाची फुले टपटपू लागली की माणूस व अस्वल दोघेही ती वेचावयास निघतात, आणि अंधारात गाठ पडली म्हणजे अनर्थ होतो. वाघ मात्र दिसला नाही. थोरल्या नातवाचा चेहरा उतरलेला पाहून आम्ही त्यास एका वाघाची खरी हकीकत सांगितली.

यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेल्या एका तरुण वाघाच्या गळ्यात २०१९ साली शास्त्रज्ञांनी ठावठिकाणा कळविणारा पट्टा बांधला होता. स्वतःची हद्द शोधण्यास तो त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर निघाला. आदिलाबादेचा मुलूख, पैनगंगेकाठची राने, शेते, नाले, रस्ते ओलांडीत सुमारे पाच महिन्यांत तेराशे किलोमीटर चालून तो बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. पुढील भटकंती धरता त्याची चाल तीन हजार किलोमीटरांच्या घरात गेली. एवढ्या वाटेत तो बहुधा रात्री चाले आणि दिवसा झाडोऱ्यात पडून राही. यावरून लक्षात येईल की, नकाशावर हिरव्या रंगाने दाखविलेली अभयारण्ये ही वाघाची घरे असली, तरी त्या घरांमधील ओसऱ्या म्हणजे हीच विरळ, नाव नसलेली राने होत. पैनगंगा अभयारण्य यवतमाळ व नांदेड या दोन्ही जिल्ह्यांत पसरलेले आहे. त्याच्या भोवतीचा सागाचा पट्टा तुटला, तर आतील जनावरे कोंडली जातील.

तथापि अरण्य म्हणजे केवळ झाडे व जनावरे नव्हेत. या भागात गोंड, कोलाम, आंध आदी लोक पूर्वापार राहतात. गोंडांत चार, पाच, सहा व सात देवांची कुळे असतात, आणि समान देवांच्या कुळांत सोयरीक होत नाही. हे ऐकताच आजी म्हणाल्या, "म्हणजे आपली गोत्रेच की!" तेव्हाच्या आदिलाबाद जिल्ह्यातील मारलवाई येथे १९४३ च्या सुमारास निजामाच्या सरकारने गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र काढले. तेथील गोंडी पुस्तके देवनागरी अक्षरांत छापली गेली. त्यापूर्वी तीनच वर्षे, १९४० साली, जोडेघाट येथे जंगल-जमिनीच्या हक्कासाठी लढणारे कुमराम भीम मारले गेले होते. रानातल्या माणसाचा रानावरील हक्क कायद्याने मान्य होण्यास २००६ साल उजाडावे लागले, ही गोष्ट मुलांच्या कानांवर घालणे आम्ही आमचे कर्तव्य समजलो.

परतण्यापूर्वी सहस्रकुंड पाहिले. पैनगंगेचा प्रवाह येथे काळ्या कातळावरून फुटून कोसळतो. अलीकडचा काठ नांदेडचा, पलीकडचा यवतमाळचा. काठावर महादेवाचे देऊळ आहे. पावसाळ्यात व त्यानंतरच्या महिन्यांत देखावा भव्य असतो. परंतु कातळ निसरडा असल्याने मुलांचा हात सोडू नये आणि पाण्यात उतरण्याचा मोह टाळावा. ज्यांस माहूरच्या रेणुकामातेचे दर्शन घ्यावयाचे असेल, त्यांनी एक दिवस अधिक काढावा. उनकेश्वरचे गरम पाण्याचे झरेही याच तालुक्यात आहेत. पाने चोळून पाहावीत, फांद्या तोडू नयेत. अभयारण्यात शिरण्यापूर्वी परवानगी घ्यावी, आणि तेथून पानही उचलून आणू नये.

आता व्यवहाराची गोष्ट. डिंक व चारोळी वर्ज्य करावी, असे आमचे म्हणणे नाही. तसे केल्यास वेचणाऱ्याच्याच पोटावर पाय येईल. परंतु जे जिन्नस वर्षातून दोनदा लागतात, ते डबे भरभरून साठवू नयेत. आणि मिळाल्यास वेचणाऱ्यांच्याच हातून, रास्त दाम देऊन घ्यावेत. आपले पूर्वज समिधा तोडतानाही झाडाची क्षमा मागत. ती क्षमा मंत्रापुरती न ठेवता हिशेबाच्या वहीतही मांडली, तर धावड्याचा घाव भरून येईल आणि पुढच्या पिढीतील बाळंतिणीसही तिचा लाडू मिळेल.