जवळचा एक्सटेंडर, दूरचा राउटर

नांदगाव हे मध्य रेल्वेच्या मुंबई–भुसावळ मार्गावरील तालुक्याचे गाव. अशा गावातील व्यापारी कुटुंबाची वास्तू बहुधा लांबट असते. रस्त्याच्या अंगास दुकान, त्यामागे राहते घर, अगदी मागे वखार आणि वरच्या मजल्यावर मुलांच्या अभ्यासाची खोली. इंटरनेटची जोडणी मात्र दुकानातील गल्ल्यापाशी येऊन थांबते. जाड दगडी भिंती, लोखंडी कपाटे आणि पाण्याच्या टाक्या यांच्या आडून वखारीपर्यंत पोहोचताना वाय-फायच्या लहरी क्षीण होतात. मग एक्सटेंडर आणला जातो. त्याचा दिवा हिरवा लागतो आणि सर्वांना हायसे वाटते. तरीही वखारीतील संगणक अडखळतच राहतो, कारण दोन हातांवरील एक्सटेंडर सोडून तो दूरच्या राउटरलाच धरून बसलेला असतो.

ही केवळ गैरसोय नव्हे. १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य मालवाहतुकीसाठी ई-वे बिल लागू झाले. पन्नास हजार रुपयांहून अधिक किमतीचा माल भरलेली गाडी दारात उभी असावी आणि संगणकाच्या पडद्यावर चक्र फिरत राहावे, ही स्थिती व्यापाऱ्यास परवडणारी नाही. वखारीतील कॅमेऱ्याचे चित्रण इंटरनेटवर साठवले जात असेल, तर रात्री तुटलेली जोडणी सकाळी चोरीच्या तपासात उणीव ठरू शकते.

निवड कोणाच्या हाती?

कोणत्या केंद्राशी जोडून घ्यावयाचे, हे साधारणतः राउटर ठरवीत नाही; मोबाइल, संगणक किंवा कॅमेरा ते स्वतः ठरवितो. घर बदलले, नव्या घरासमोर बँकेची दुसरी शाखा असली, तरी जुना खातेदार स्टेशनजवळच्या पहिल्या शाखेतच जात राहतो. तेथील व्यवहार अगदी अडल्याखेरीज तो खाते हलवीत नाही. यंत्राचे वर्तन असेच असते. अॅपल कंपनीने आपल्या आयफोनविषयी दिलेली माहिती याबाबत बोलकी आहे. चालू जोडणीचा सिग्नल उणे ७० डीबीएमच्या खाली घसरेपर्यंत फोन दुसरे केंद्र शोधण्यास निघत नाही. आणि शोधल्यावरही नवे केंद्र निदान ८ डेसिबलने सरस असल्यासच तिकडे वळतो. फोनचे काम चालू नसेल, तर हा फरक १२ डेसिबलचा लागतो. तात्पर्य, ‘सर्वांत जवळचे’ यापेक्षा ‘अजून चालते आहे’ हा निकष यंत्रास पुरेसा वाटतो.

आधी जागा, मग नाव

एक्सटेंडर जेथे सिग्नल मुळीच नाही तेथे लावण्याची चूक सर्रास होते. त्याला स्वतःलाच राउटरचा सिग्नल नीट मिळाला नाही, तर तो पुढे काय देणार? त्याची जागा मध्यावर, राउटरचा सिग्नल अद्याप चांगला असेल अशा ठिकाणी हवी. शक्य तेथे उंचावर, लोखंडी कपाटापासून दूर.

त्यानंतर नावाचा विचार. राउटर आणि एक्सटेंडर यांचे नाव, पासवर्ड व सुरक्षेचा प्रकार एकच ठेवल्यास हातात फिरणारा मोबाइल आपणहून एकावरून दुसऱ्यावर जाऊ शकतो. कॅमेरा, प्रिंटर, टीव्ही, वखारीतील संगणक ही यंत्रे मात्र जागची हलत नाहीत. त्यांच्यासाठी एक्सटेंडरला वेगळे नाव द्यावे, त्यांना त्या नावाशी जोडावे आणि राउटरचे जुने नाव त्यांच्या स्मृतीतून काढून टाकावे. ही शेवटची पायरी राहून गेली, तर यंत्र संधी मिळताच जुन्या घरी परतते.

दोन्ही सोयी एकत्र साधण्याचाही मार्ग आहे. अनेक एक्सटेंडरांवर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांना निराळी नावे देता येतात. कॅमेरे व स्वस्त उपकरणे बहुधा २.४ वरच चालतात. त्या पट्ट्यास वेगळे नाव द्यावे आणि ५ चे नाव राउटरच्या ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यासारखेच ठेवावे. भिंती भेदण्यात २.४ सरस, वेगात ५ सरस, हेही ध्यानी असावे.

वीज जाऊन आल्यावर घोटाळा पुन्हा उद्भवू शकतो. एक्सटेंडर सावकाश चालू होतो. तोवर संगणक राउटरला चिकटून मोकळा झालेला असतो. म्हणून दोहोंस लहान बॅटरी-बॅकअप द्यावा. अन्यथा आधी राउटर, मग एक्सटेंडर आणि शेवटी अन्य यंत्रे, या क्रमाने सुरू करावीत. मोबाइल अडून बसल्यास त्याचे वाय-फाय क्षणभर बंद करून पुन्हा लावणे हा सोपा उपाय आहे; तेव्हा तो नव्याने शोध घेतो.

खर्च कोठे करावा?

एकाच रेडिओवर चालणारा साधा एक्सटेंडर प्रत्येक संदेश आधी घेतो, मग पुन्हा पाठवितो. त्यामुळे वेग सुमारे निम्म्यावर येतो. नवी जोडणी करावयाचीच असेल, तर दुकानापासून वखारीपर्यंत एक केबल ओढून टोकाला अॅक्सेस पॉइंट बसविणे अधिक श्रेयस्कर. अशी केबल १०० मीटरपर्यंत चालते, म्हणजे गावातील बहुतेक वास्तूंना ती पुरते. मेश संच घेताना ८०२.११ के, व्ही आणि आर या मानकांची सोय आहे का, हे विचारावे. त्यांमुळे केंद्र यंत्राला जवळचा पर्याय सुचवू शकते आणि बदल त्वरेने होतो. मात्र जुनी यंत्रे हा सल्ला मानतीलच असे नाही.

म्हणून नवी खरेदी करण्यापूर्वी एक सायंकाळ हिशेबासाठी काढावी. वहीत दोन रकाने आखावेत: फिरती यंत्रे आणि स्थिर यंत्रे. प्रत्येक स्थिर यंत्रापुढे ते कोणत्या नावाशी जोडलेले आहे, हे लिहावे आणि वीज गेल्यानंतर एकदा ती यादी पुन्हा पडताळावी. पुष्कळ घरांत पैसा न खर्चता एवढ्यानेच वखारीतील संगणक जवळच्या एक्सटेंडरवर येईल.