जुन्या स्कूटरची तपासणी : गाडी पास होते, कागद नापास होतात

आपल्या भागात, भालकी, बसवकल्याण, औराद, हुमनाबादपासून आळंदपर्यंत, अजूनही बऱ्याच घरांत एखादी जुनी स्कूटर आहे. कुणाकडे चेतक, कुणाकडे एलएमएल, तर कुणाकडे पहिल्या काळातली ॲक्टिव्हा. "दरवर्षी पासिंग करावे लागते का?" आणि "पंधरा वर्षे झाली की गाडी भंगारात द्यावी लागते का?" हे दोन प्रश्न मंडळातील ज्येष्ठ सभासद नेहमी विचारतात. दोन्हींचे उत्तर "नाही" असे आहे. मात्र त्यापुढचे नियम नीट समजून घेतले पाहिजेत.

दरवर्षीचे पासिंग हे ऑटो, जीप, टेम्पो अशा भाड्याच्या जुन्या वाहनांना लागते. घरगुती स्कूटरची नोंदणी मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे १५ वर्षांची असते. त्यानंतर गाडी तपासून ती ५-५ वर्षांसाठी वाढवून मिळते. पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवरची बंदी दिल्ली परिसरापुरती आहे, तिचा बिदर-कलबुर्गीशी संबंध नाही.

वारंवार करावी लागते ती धुराची तपासणी. बीएस-४ आणि त्यानंतरच्या गाड्यांना हे प्रमाणपत्र एक वर्षाचे मिळते. त्याआधीच्या, म्हणजे आपल्या बहुतेक जुन्या स्कूटरना, सहा महिन्यांचे. ३१ मार्च २००० पर्यंत बनलेल्या दुचाकीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ९,००० पीपीएमपर्यंत चालतो. त्यानंतरच्या जुन्या गाड्यांना मर्यादा ३.५ टक्के आहे. हायड्रोकार्बन टू-स्ट्रोकला ६,०००, तर फोर-स्ट्रोकला ४,५०० पीपीएम.

म्हणजे जुन्या गाडीला सवलत आहे. तरी ती अडकते, कारण पेट्रोलमध्ये "थोडे जास्तच बरे" म्हणून ओतलेले ऑइल, धुळीने भरलेला एअर फिल्टर, अर्धवट ओढलेला चोक आणि सायलेन्सरमध्ये साचलेला कार्बन. पुस्तिकेत सांगितले आहे तेवढेच ऑइल घालावे, फिल्टर व प्लग साफ करावा आणि चार-पाच किलोमीटर चालवून इंजिन गरम झाल्यावर तपासणीला जावे. एवढे केले तर चांगली ठेवलेली टू-स्ट्रोकही सहसा अडत नाही.

आरटीओतल्या तपासणीत इंजिन व चेसिस नंबर, पुढचा-मागचा दिवा, ब्रेकचा दिवा, इंडिकेटर, हॉर्न, दोन्ही ब्रेक, टायर, आरसा आणि नंबर प्लेट पाहतात. चेतकसारख्या गाडीला वेगळा सांगाडा नसतो, पत्र्याचे अंग हाच तिचा सांगाडा. म्हणून पायाखालचा पत्रा गंजला तर तो दिसण्याचा दोष राहत नाही, गाडीची ताकदच जाते. दुसरी अडचण रंगाची. दोन-तीनदा रंग दिलेल्या गाडीत चेसिस नंबर बुजून जातो आणि वाचता येत नाही. तो आधी हलक्या हाताने साफ करून घ्यावा. घासून आकडे पुसू देऊ नयेत. २०१९ च्या एप्रिलपूर्वीच्या गाड्यांना आता उच्च सुरक्षा नंबर प्लेटही लागते.

पण माझ्या पाहण्यात गाडीपेक्षा कागदच जास्त नापास होतात. बँकेत असताना स्कूटर कर्जाच्या किती फायली हातून गेल्या! हप्ते फिटतात, पण आरसी बुकावरचा बँकेचा बोजा तसाच राहतो. दुसऱ्या राज्यात नोंदणी न्यायची किंवा आरसीची दुसरी प्रत काढायची म्हटली की तो आडवा येतो. बँकेचा ना-हरकत दाखला आणि नमुना ३५ देऊन तो वेळीच उतरवावा.

सीमाभागात दुसरी गोष्ट. उदगीर, उमरगा, सोलापूरहून आणलेली एमएच नंबरची गाडी आपल्याकडे १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिली तर कर्नाटकाचा नंबर घेणे कायद्याने बंधनकारक आहे. त्यासाठी तिकडच्या आरटीओचा ना-हरकत दाखला (नमुना २८) लागतो. सोयरे दोन्हीकडे असले तरी नोंदणी एकीकडेच चालते.

तिसरी गोष्ट जिव्हाळ्याची. वडील गेले, गाडी त्यांच्याच नावावर, आणि मुलगा चालवतो. कायद्याप्रमाणे वारसाने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे आणि तीन महिन्यांत नमुना ३१ देऊन गाडी नावावर करून घ्यायची असते. मृत व्यक्तीच्या सहीने नूतनीकरण होत नाही. म्हणून आधी नाव बदलावे, मग नूतनीकरण.

नूतनीकरणाचा अर्ज नमुना २५ मध्ये, मुदत संपण्यापूर्वीच्या ६० दिवसांत करता येतो. १ एप्रिल २०२२ पासून दुचाकीची फी १,००० रुपये आहे. २० वर्षांवरील गाडीला २०२५ पासून २,००० रुपये झाली. हरित कर वेगळा. उशीर झाला तर दर महिन्याला ३०० रुपये वाढतात. वर्षभर दुर्लक्ष केले तर ३,६०० रुपये झालेच.

"गावातल्या गावात तर फिरवतो, कोण विचारतो?" असे म्हणणारे पुष्कळ आहेत. नोंदणीशिवाय गाडी चालवल्यास पहिल्या वेळी ५,००० रुपयांपर्यंत दंड आहे. दंडापेक्षा मोठा धोका विम्याचा. नोंदणीची मुदत संपलेली मोटार रस्त्यावर वापरणे हा विमा कराराचा मूलभूत भंग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये नरिंदर सिंग प्रकरणात ठरवले आणि भरपाई नाकारली. अपघातात समोरचा माणूस जखमी झाला आणि विमा कंपनीने हात वर केले, तर आयुष्यभराची पुंजी पणाला लागू शकते.

म्हणून आज घरी आरसी बुक काढून चार गोष्टी पाहा : मुदत कधी संपते, नाव कोणाचे आहे, बँकेचा बोजा उतरला आहे का आणि विमा चालू आहे का. हे चार जुळले तर बाकीचे काम मिस्त्री एका दिवसात करून देतो. आणि पत्राच गेला असेल, तर खर्च करण्यापूर्वी मिस्त्रीचे खरे मत विचारा. गाडी मोडीत द्यायची ठरली तरी आरटीओत नोंदणी रद्द करून घ्या, नुसती भंगारवाल्याला देऊन मोकळे होऊ नका. कागदावर ती तुमचीच राहते.