वीस वर्षं जुनी स्पोर्टी कार कमी पैशात कशी टिकवायची? नगरच्या पॅलिओवाल्यांचं गणित समजून घ्या

नगरहून पुण्याला निघालात की शिरूर सोडल्यावर रांजणगाव लागतं. महागणपतीचं रांजणगाव तर सगळ्यांनाच माहितीय, पण इथल्या एमआयडीसीत फियाटचा कारखाना आहे, त्यामुळे गाड्यांचं वेड असलेल्यांसाठी हे गाव आणखी एका कारणानं खास आहे.

२००१ मध्ये फियाटनं भारतात पॅलिओ आणली. तेव्हा ती मुंबईत कुर्ल्याला बनायची, नंतरची पॅलिओ स्टाईल रांजणगावातून बाहेर पडायला लागली. जाहिरातीत होता सचिन तेंडुलकर. त्याच्या नावानं 'एस १०' ही मर्यादित आवृत्तीही आली होती.

या पॅलिओचं १.६ लिटर इंजिनवालं जीटीएक्स मॉडेल म्हणजे मध्यमवर्गीय पोरांची स्पोर्ट्स कार. चार दरवाजे, मागे डिकी, पण ताकद १०० हॉर्सपॉवरच्या घरात. त्या काळात या किमतीत एवढी पळणारी गाडी मिळणं अवघडच होतं.

आज हीच गाडी सेकंडहँड बाजारात स्वस्तात मिळते. पण फियाटनं भारतात आपल्या नावाच्या गाड्या विकणं २०१९-२० च्या आसपास बंद केलं. त्यामुळे खरा प्रश्न गाडी घेतल्यानंतर सुरू होतो. पगार बेताचा असेल, तर अशी गाडी टिकवायची कशी?

पहिला गैरसमज : १५ वर्षं झाली की गाडी भंगारात

हे महाराष्ट्रात खरं नाही. पेट्रोल गाडीला १५ वर्षांची मर्यादा हा दिल्ली आणि आसपासच्या एनसीआरमधला विषय आहे. आपल्याकडे खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांनी संपतं. मग आरटीओत गाडी दाखवायची, ती तपासणीत पास झाली की पुढची ५ वर्षं मिळतात. नगरच्या एमएच-१६ ला आणि श्रीरामपूरच्या एमएच-१७ ला हाच नियम.

फक्त फी वाढत गेलीय. एप्रिल २०२२ च्या आधी कारच्या नूतनीकरणाला ६०० रुपये लागायचे. मग ५,००० झाले. ऑगस्ट २०२५ च्या नियमानुसार २० वर्षांवरच्या कारला १०,००० रुपये लागतात. राज्याचा पर्यावरण कर वेगळा.

म्हणजे २००२ च्या पॅलिओनं २०१७ मध्ये ६०० भरले, २०२२ मध्ये ५,००० भरले आणि २०२७ मध्ये तिला १०,००० भरायचेत. उशीर केला तर कारला महिन्याला ५०० रुपये दंड. वर्षभर विसरलात तर ६,००० रुपये असेच गेले.

मग विंटेजमध्ये नोंद करता येईल का?

नाही. २०२१ च्या नियमानुसार विंटेज म्हणजे ५० वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ रूपात फारसा बदल न केलेली गाडी. तिला वेगळी नंबर प्लेट मिळते, थर्ड पार्टी विम्यात ५० टक्के सूट मिळते. पण ती रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही.

वीस वर्षांची पॅलिओ मधेच अडकते. कायद्यानं ती विंटेज नाही, फक्त जुनी आहे. त्यामुळे सवलत शून्य आणि खर्च सगळे.

आरटीओपेक्षा मोठा खर्च विम्याचा

सोशल मीडियावर चर्चा १०,००० च्या फीची झाली. पण ही फी ५ वर्षांसाठी आहे, म्हणजे वर्षाला २,००० रुपये.

विम्याचं बघा. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार १००० ते १५०० सीसीच्या कारचा थर्ड पार्टी हप्ता वर्षाला ३,४१६ रुपये आहे. १५०० सीसीच्या वर गेलात की तो थेट ७,८९७ होतो. पॅलिओ १.६ चं इंजिन जवळपास १६०० सीसीचं. म्हणजे ५ वर्षांत ३९,४८५ रुपये, वर जीएसटी. आरटीओच्या फीच्या जवळपास चौपट.

म्हणून गाडी घ्यायच्या आधीच हा हिशेब करा. त्याच पॅलिओचं १.२ लिटर मॉडेल घेतलं तर वर्षाला साडेचार हजारांच्या आसपास वाचतात. पळायला ती कमी आहे, हेही खरं.

उसाचा पैसा आणि गाडीचा रबर

नगर जिल्हा म्हणजे साखर कारखान्यांचा जिल्हा. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी प्रवरेच्या काठावर सहकारी कारखाना उभा केला, तिथून ही गोष्ट सुरू झाली. आता साखरेइतकंच महत्त्व इथेनॉलला आलंय. त्यातून कारखान्यांना पैसा मिळतो आणि त्यातूनच ऊसबिलाला हातभार लागतो.

तेच इथेनॉल पेट्रोलमध्ये २० टक्के मिसळून पंपावर येतं. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्या त्यासाठी बनवल्यात. २००२ ची गाडी नाही. इथेनॉल जुन्या रबराला आणि काही प्लास्टिकला मानवत नाही, शिवाय ते हवेतलं पाणी ओढून घेतं. जुन्या गाड्यांचे काही रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, हे सरकारनंही मान्य केलंय.

म्हणजे शेतकऱ्याच्या घरी पैसा आणणारी गोष्टच त्याच्या पोराच्या जुन्या गाडीचे पाइप खाते. यावर तोडगा साधा आहे. पेट्रोलचे सगळे रबरी पाइप एकदाच इथेनॉल चालणाऱ्या नव्या पाइपांनी बदलून घ्या. गाडी महिनोन् महिने उभी ठेवू नका. आणि बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास आला तर स्टार्टर मारू नका. गाड्यांना आग लागते ती अशाच गळतीतून.

पैसे कुठे आधी घालायचे?

बहुतेक जण इथेच चुकतात. आधी रंग, अलॉय व्हील, म्युझिक सिस्टीम. मग इंजिनासाठी पैसेच उरत नाहीत आणि गाडी अंगणात ताडपत्रीखाली जाते. क्रम उलटा हवा.

आधी ब्रेक आणि टायर. ब्रेक ऑइल ओलावा धरतं, दर दोन वर्षांनी बदला. टायरची नक्षी चांगली दिसली तरी बाजूवरचा चार अंकी आकडा बघा. २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. जुना टायर मे महिन्याच्या उन्हात हायवेवर फुटू शकतो.

मग टायमिंग बेल्ट. आधीच्या मालकाकडे बिल नसेल तर तो बदललाच नाही असं समजा. धावत्या गाडीत तो तुटला तर व्हॉल्व्ह वाकू शकतात आणि इंजिन उघडावं लागतं. बेल्टचा खर्च त्यापुढे किरकोळ आहे.

मग रेडिएटर. त्यात बोअरचं पाणी ओतू नका. जड पाण्याचे क्षार आत बसतात, गाडी घाटात तापते आणि हेड गॅस्केट जातं. तयार कूलंट वापरा, नाहीतर डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळून घाला.

रंग सगळ्यात शेवटी.

पार्ट मिळतात कुठे?

सर्व्हिसचे नेहमीचे पार्ट पुण्याच्या नाना पेठेत शोधता येतात, जुने काढलेले पार्ट मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला. शोधताना फक्त पॅलिओ म्हणू नका. सिएना, पेट्रा, ॲडव्हेंचर या गाड्या एकाच घरातल्या, त्यांचे बरेच पार्ट एकमेकांना चालतात. जुना पार्ट सोबत न्या, त्यावरचा नंबर जुळवा आणि मगच पैसे द्या.

काही जण पार्टसाठी दुसरी बंद गाडीच विकत घेतात. हे स्वस्त पडतं, पण त्या गाडीची आरटीओतली नोंद रद्द करून घ्या. नाहीतर कागदावर ती चालूच राहते आणि तिची जबाबदारीही.

शेवटी महिन्याचा हिशेब. विमा आणि रजिस्ट्रेशन मिळूनच महिन्याला ८०० रुपयांच्या वर जातात, तेही गाडी जागेवरून हलायच्या आधी. ही रक्कम आणि दुरुस्तीसाठी थोडे पैसे दर महिन्याला बाजूला काढता येत असतील तर जुनी स्पोर्टी कार परवडते. नसतील, तर फुकट मिळाली तरी ती महागच पडेल.