पगार वाढला की वाढवला?

अप्रेझलचा सीझन आला की अंधेरीच्या ऑफिसांमध्ये एक वाक्य हमखास कानावर पडतं. ‘माय सॅलरी रेझ्ड!’ आनंद शंभर टक्के खरा, इंग्रजी मात्र गडबडलेलं. बरोबर काय? ‘माय सॅलरी रोझ’ किंवा ‘बॉस रेझ्ड माय सॅलरी’.

कॅन्टीनमध्ये चालून जातं हो! पण क्लायंटचा मेल असेल किंवा इंटरव्ह्यू असेल, तर समोरचा आपल्या कामाआधी आपलं इंग्रजी बघतो. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं ते 2000 साली. त्याआधी मराठी माध्यमात ते पाचवीपासून असायचं. पण पहिलीवाले काय आणि पाचवीवाले काय, ‘राइझ-रेझ’पाशी दोघंही अडखळतात.

माझी मुलुंडची मैत्रीण म्हणते, ‘‘किती पाठ करू गं या जोड्या?’’ क्लासवाले तिला सांगतात, इंग्रजीत विचार कर. मी तिला नेमकं उलटं सांगितलं. इथे मराठीत विचार कर!

कारण ही भानगड आपण रोज सहज निस्तरतो. पडणं-पाडणं, बसणं-बसवणं, वाढणं-वाढवणं. एकात गोष्ट आपली आपण होते, दुसऱ्यात ती कुणीतरी करतं. शाळेत अकर्मक, सकर्मक, प्रयोजक म्हणून घोकलं ते हेच. ‘राइझ’ म्हणजे वाढणं, ‘रेझ’ म्हणजे वाढवणं. संपलं!

जुन्या इंग्रजीतही अशा जोड्या होत्या. ‘सिट’ म्हणजे बसणं, ‘सेट’ म्हणजे मुळात बसवणं. ‘फॉल’ म्हणजे पडणं आणि ‘फेल’ म्हणजे झाड पाडणं, नापास होणं नव्हे! पुढे इंग्रजीने बरीच क्रियापदं एकातच उरकली. ट्रेन थांबली तरी ‘स्टॉप’ आणि चेन ओढून थांबवली तरी ‘स्टॉप’च. ‘इन्क्रीज’ही दोन्हीकडे चालतं, म्हणून ‘रेझ’ही चालेल असं आपल्याला वाटतं.

सगळ्यात डेंजर जोडी म्हणजे ‘लाय’ आणि ‘ले’. ‘लाय’ म्हणजे आडवं पडणं, ‘ले’ म्हणजे ठेवणं. त्यात ‘लाय’चा भूतकाळही ‘ले’च! म्हणजे ‘काल दिवसभर पडून होते’ याचं इंग्रजी ‘आय ले इन बेड ऑल डे’. ‘लेड’ म्हटलंत तर समोरचा विचारेल, काय ठेवलंत? अंडी? आणि ‘लाइड’ म्हणजे तर चक्क खोटं बोलले. सिक लीव्हच्या मेलमध्ये हे लिहून बघा, एचआर खूश!

ही युक्ती सगळीकडे चालत नाही. ‘अफेक्ट’ म्हणजे परिणाम करणं, तर क्रियापद म्हणून ‘इफेक्ट’ म्हणजे घडवून आणणं. ते वेगळं लक्षात ठेवावंच लागतं. पण ‘राइझ’ की ‘रेझ’ यावर बोट अडलं, तर सेंड करण्याआधी स्वतःला मराठीत विचारा, वाढला की वाढवला? उत्तर तुम्हाला शाळेत जायच्या आधीपासून येतंय.